मास्टर नावाचा फोल्डर

रियाझच्या ट्रॅकचा शेवट मी ऐकला नव्हता. तरी ऐकला असं सांगितलं, आणि तो रिकामा आहे, कापून टाक, असा सल्लाही दिला. या प्रकरणात मला मुख्य सांगायचं आहे ते एवढंच. आधीच्या प्रकरणांत मी स्वतःला बराच सांभाळून घेतलं आहे, हे वाचणाऱ्याच्या लक्षात आलं असेल. इथे ते जमणार नाही. लिहायचं टाळत मी बरेच महिने काढले, आता टाळण्याचाही कंटाळा आला आहे.

आम्ही तेव्हा शनिवार पेठेतली भाड्याची जागा सोडून धायरीला राहायला आलो होतो. धायरी तेव्हा अर्धं गाव होतं. आमच्या बिल्डिंगच्या मागे ज्वारीचं शेत आणि पुढे हार्डवेअरचं दुकान. जमीन ज्यांची होती त्या नानांनी बिल्डरकडून तळमजल्यावरचा एक गाळा ठेवून घेतला आणि त्यात पिठाची गिरणी घातली. ती बरोबर आमच्या खोलीखाली. गिरणी सुरू झाली की आधी पट्ट्याचा फटफट आवाज यायचा, मग सगळ्या घराला एक जाड घरघर लागायची. मांडणीतले पेले एकमेकांना टेकून किणकिणायचे, वडील वर्तमानपत्र जरा घट्ट धरायचे. आई त्या घरघरीवरून खाली काय दळतायत ते ओळखायची. "ज्वारी लागली," म्हणायची, आणि डबा घेऊन निघायची, कारण ज्वारीनंतर भाजणी दळून घेतली तर तिला चालायचं, गव्हानंतर चालायचं नाही. परत यायची तेव्हा डबा इतका गरम असायचा की पदरात धरून आणावा लागे. त्याच पिठाची थालीपीठं लगेच तव्यावर पडायची. मधल्या भोकात तेल सोडल्याचा चर्र आवाज गिरणीच्या घरघरीतही ऐकू यायचा. माझ्या तारुण्यातलं संगीत म्हणाल तर आधी हे, आणि मग बाकीचं.

बाकीचं म्हणजे कॉम्प्युटर. वडिलांनी तो अभ्यासासाठी घेऊन दिला होता. मी त्यात साउंड कार्ड बसवलं, एक संगीत जुळवायचं सॉफ्टवेअर मित्राकडून मिळवलं, आणि अभ्यास तिथेच संपला. त्या एकाच कॉम्प्युटरवर काम करणारे आम्ही तिघं होतो. मी, शनिवार पेठेतला केदार, आणि येरवड्याहून दोन बस बदलून येणारा रियाझ. तिघांचंही कॉलेज एक. तिघांनाही गाता येत नव्हतं, आणि बहुधा म्हणूनच शब्द नसलेलं संगीत करायचं आमचं पक्कं होतं. आई चहा ठेवायला यायची तेव्हा थोडा वेळ उभी राहून ऐकायची आणि विचारायची, "गाणं कधी सुरू होणार?" केदार म्हणायचा, "काकू, हेच." वडिलांचा एक ठरलेला विनोद होता, रियाझ आला की व्हायचाच. "नाव रियाझ, आणि रियाज काही करत नाही." रियाझ दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखा हसायचा. मला त्या हसण्याचं तेव्हा काही वाटलं नाही. आता वाटतं, किती धीर होता त्याला.

एकमेकांचे ट्रॅक ऐकून मत द्यायचं हा आमचा मुख्य उद्योग. आमच्या शहरात मत द्यायचं म्हणजे माणसाला एका वाक्यात खाली बसवायचं, आणि केदार त्यात तयार होता. माझा पहिला ट्रॅक ऐकून तो म्हणाला, "छान आहे. लिफ्टमध्ये लावता येईल. पण तुमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही." मी दोन दिवस नीट जेवलो नाही. मग मी एक नियम केला. ज्याचा ट्रॅक आहे त्याने आधी काही सांगायचं नाही, कशावर केला, कुठून सुचला, काही नाही. ऐकणाऱ्याने पहिल्यांदा फक्त काय ऐकलं ते सांगायचं. चांगलं-वाईट नंतर. आणि शेवटी एकच सूचना, करता येण्यासारखी. केदारने कुरकुर केली, "हे काय, डॉक्टरकडे गेल्यासारखं," पण त्यालाही पटलं. "तुझा ढोल आणि तुझा खालचा सूर एकाच जागेसाठी भांडतायत, एकाला जरा बाजूला उभा कर," असं मी त्याला सांगितलं आणि त्याने तसं केलं तेव्हा ट्रॅक खरोखर उघडला. त्यानंतर मत द्यायला माझ्याइतकं कोणी नाही असं ते दोघं म्हणायला लागले. मलाही ते खरं वाटायला लागलं.

रियाझच्या घरी आम्ही क्वचित जायचो, पण गेलो की जेवल्याशिवाय सुटका नसे. अम्मी मसुराची खिचडी आणि चिंचेचं खट्टं करायच्या, वर तळलेला पापड. पुढच्या खोलीत त्याच्या अब्बांचं शिलाईचं दुकान. सगळी गल्ली त्यांना मास्टर म्हणायची, आणि बरीच वर्षं मला त्यांचं खरं नाव माहीत नव्हतं. पायाने चालवायचं काळं मशीन, त्यावर शाळेचे गणवेश. आवाज इतका हळू की मशीन चालू असताना ते काही बोलले तर ओठ हललेले दिसायचे फक्त. त्या वर्षी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. सुईत दोरा ओवायला अम्मी यायला लागल्या, मग शिवण वाकडी जायला लागली, आणि शेवटी त्यांनी मशीन विकून दुकानात तयार गणवेश ठेवायचं ठरवलं. हे सगळं मला माहीत होतं. मशीन न्यायला माणूस येणार त्याच्या आदल्या दुपारी रियाझने कॅसेट रेकॉर्डर लावून अब्बांना शेवटचं शिवायला बसवलं, हे मात्र मला माहीत नव्हतं. मला ते कसं कळणार? आधी काही सांगायचं नाही, हा नियम माझाच होता.

आम्ही तिघांची मिळून एक सीडी काढायचं ठरवलं होतं. पहिलीच. शुक्रवारी सकाळी ती सायबर कॅफेवाल्याकडे प्रती काढायला द्यायची होती. रियाझ गुरुवारी संध्याकाळी ट्रॅकचा शेवटचा हात फिरवायला आला. आमच्याकडे गुरुवारी दिवसभर लाईट नसायची. ती आली त्याबरोबर नाना खालून ओरडले, "लाईट आलीया, दळण घिऊन या." दिवसभर अडलेलं सगळ्या बिल्डिंगचं दळण रांगेला लागलं, आणि जी घरघर सुरू झाली ती थांबेना. आम्ही वाट बघितली. आईने थालीपीठं दिली, ती खाल्ली, पुन्हा वाट बघितली. हेडफोनचा एक कान बंद पडलेला होता. शेवटी मी म्हणालो, "लाव तसाच, होईल ऐकून."

ट्रॅक चांगला होता. चांगला म्हणजे आम्हा तिघांच्या कामातला सगळ्यांत चांगला, आणि हे मला पहिल्या काही क्षणांतच कळलं. मशीनची धाव त्याने बारीक तुकडे करून तालात बसवली होती, खाली एकच लांब सूर, आणि कात्रीचा आवाज मधेच, जिथे अपेक्षा नसेल तिथे. मला हेवा वाटला. ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मधल्या भागापर्यंत गिरणीच्या वरून ऐकू येत होतं. मग ट्रॅक हळू झाला, आणि खालची घरघर वर आली. मी पडद्याकडे बघितलं. पडद्यावर आवाजाचा आलेख दिसतो, आवाज मोठा तिथे उंच डोंगर, लहान तिथे बुटके. शेवटच्या सगळ्या भागात रेघ जवळजवळ सपाट होती. आणि सीडीवर सगळ्यांचं मिळून बसत नव्हतं, काहीतरी कापायचंच होतं.

"शेवट रिकामा आहे," मी म्हणालो.

"रिकामा?"

"हे बघ ना. सपाट आहे सगळं. इथून काप. केदारचा शेवटचा ट्रॅकही बसेल मग."

रियाझ पडद्याकडे न बघता माझ्याकडे बघत होता. "ऐकलास?"

"ऐकला."

"काहीच नाही आलं ऐकू?"

"नाही रे. थोडी खरखर. कॅसेटची असेल."

तो काहीतरी सांगणार होता. तोंड उघडलंही त्याने. मग म्हणाला, "नाहीच आलं ऐकू तर ठेवून काय करायचं," आणि त्याने स्वतःच कापलं. मूळ रेकॉर्डिंग माझ्या कॉम्प्युटरमध्ये होतंच, पुढेमागे आवाज वाढवून पुन्हा जोडता येईल, असा त्याने विचार केला. हे त्याने मला नंतर सांगितलं. त्या वेळी तो फक्त पेल्यातला गार चहा प्याला आणि बस पकडायला गेला.

इथवरचा गुन्हा आळसाचा आणि हेव्याचा. पुढचा त्याहून वाईट.

शुक्रवारी सीडी गेली. शनिवारी मला जागा हवी होती. त्या काळच्या हार्ड डिस्क म्हणजे पाहुणे आलेलं एका खोलीचं घर, एकाला बसवायचं तर दुसऱ्याला उठवावं लागे. मी एकेक फोल्डर बघत गेलो. एकाचं नाव होतं मास्टर. आमच्या कामात तयार झालेल्या अंतिम प्रतीला मास्टर म्हणतात. मला वाटलं, सीडीवर गेलेल्याच ट्रॅकची ही दुसरी प्रत, कशाला ठेवायची. उघडूनही बघितलं नाही. पुसून टाकलं, आणि त्याच जागेवर माझं नवीन काहीतरी रेकॉर्ड करायला लागलो. ते काय होतं, आता आठवतही नाही. मास्टर म्हणजे रियाझचे अब्बा, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. ज्या माणसाला मीही त्याच नावाने हाक मारत होतो, त्याचं नाव मी यंत्राचं नाव म्हणून वाचलं.

रविवारी तिघं येरवड्याला गेलो, सीडीची पहिली प्रत घेऊन. दुकानात आता मशीनच्या जागी काचेचं कपाट होतं. मास्टर पलंगावर बसले, उजवा हात डाव्या हातात धरून. ट्रॅक सुरू झाला तेव्हा त्यांचा पाय चटईवर हलायला लागला, खाली मशीनचा पायटा असल्यासारखा. अम्मी स्वयंपाकघराच्या दारात आल्या. मग आम्ही कापलं होतं तिथे ट्रॅक संपला. मास्टर सीडी प्लेअरकडे बघत राहिले, पुढचं येईल म्हणून.

"मैं बोला था ना उसमें?" त्यांनी विचारलं. "वो किधर गया?"

रियाझ घाईने म्हणाला, "है अब्बा, कम्प्यूटर में है. पूरा है." आणि माझ्याकडे वळला. "आहे ना? मास्टर नावाचा फोल्डर केला होता बघ मी."

खिचडी समोर आली होती. मी घास तोंडात धरून मान हलवली. आहे म्हणून.

परत येताना बसमध्ये त्याने मला सांगितलं. शिवण संपल्यावर अब्बांनी पाय उचलला होता, चाक आपोआप फिरत फिरत थांबलं होतं, आणि मग ते मशीनशी बोलले होते. बराच वेळ. त्यांच्या त्या दबक्या आवाजात. रेकॉर्डर चालू आहे हे त्यांना माहीत होतं, पण बोलता बोलता विसरले असावेत.

"काय बोलले?" मी विचारलं.

"शब्द नाही आठवत मला. त्यासाठीच तर रेकॉर्ड केलं."

कॅसेट आहे का, असं मी विचारलं, शक्य तितक्या सहज. नव्हती. आवाज कॉम्प्युटरमध्ये सुखरूप आहे म्हणून त्याने तिच्यावर दुसरं काहीतरी भरलं होतं.

पुढच्या वेळी दोघं घरी आले तेव्हा मी तयारी करून बसलो होतो. म्हणालो, लाईट गेली ती नेमकी कॉम्प्युटर चालू असताना, आणि डिस्कचा एक भाग खराब झाला. गेलं त्यातलं. केदारने फोल्डरांची यादी वरपासून खालपर्यंत बघितली. त्याचे ट्रॅक होते. माझे होते. "बरोबर रियाझचंच गेलं," तो म्हणाला. "डिस्कलाही माणसं कळतात म्हणायची." खाली गिरणी सुरू झाली आणि मला त्या घरघरीचे आभार मानावेसे वाटले.

भांडण झालं नाही. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. रियाझ यायचा थांबला, आधी परीक्षा म्हणून, मग दुकान म्हणून. केदार नोकरीसाठी बाहेरगावी गेला. मी याच धंद्यात राहिलो. आज लोकांचे आवाज स्वच्छ करून पोट भरतो, आणि बरीच वर्षं एक काम फुकट करतो. कुठलीकुठली मुलं घरी बसून केलेले आपले ट्रॅक मला फोनवर पाठवतात आणि मी त्यांना मत लिहून पाठवतो. आधी काय ऐकलं ते, मग एक सूचना. त्याच नियमाने. मला सर म्हणतात. सर, तुम्ही इतकं बारकाईने ऐकता, असं कोणी लिहिलं की मी फोन पालथा ठेवतो. हे काम मी प्रायश्चित्त म्हणून सुरू केलं असं स्वतःला सांगत आलो. पण प्रायश्चित्ताचीही सवय होते, आणि सवय झाली की माणूस पुन्हा पहिल्यासारखाच वागायला लागतो.

मास्टर मागच्या वर्षी गेले. मी भेटायला गेलो. रियाझचे केस माझ्याहून जास्त पांढरे झालेले. गणवेशाचं दुकान आता दोन गाळ्यांचं आहे. त्याने चहा मागवला, बरोबर खारी, आणि इकडचं तिकडचं बोलणं झाल्यावर म्हणाला, "फोनमध्ये व्हिडिओ आहेत त्यांचे, पण सगळे आजारपणातले. तो एकच आवाज धड होता." एवढंच बोलून तो गिऱ्हाइकाकडे गेला. मला तेव्हाही सांगता आलं असतं. मी खारी चहात बुडवली, ती तुटून पडली, आणि मी ती चमच्याने काढत बसलो.

शेवटी सांगितलं ते एका सोलापूरच्या मुलीमुळे. तिला मी पाहिलेलंही नाही. तिने ट्रॅक पाठवला तेव्हा मी गॅसवर दूध ठेवून उभा होतो. ओट्यावरच्या फोनवर तो ट्रॅक वाजत होता, वर एक्झॉस्ट पंखा चालू. दूध वर यायला लागलं म्हणून मी पातेलं उतरवलं, फोनच्या पडद्यावरच्या आलेखावर एक नजर टाकली, आणि तिला लिहिलं: सुरुवात फार छान, शेवट थोडा रिकामा वाटतो, कमी करता येईल. थोड्या वेळाने तिचं उत्तर आलं. सर, शेवट ऐकलात का?

मी उभाच राहिलो. तिने रागाने विचारलं नव्हतं. रियाझनेही नव्हतं. मी पंखा बंद केला, हेडफोन लावले आणि ऐकलं. शेवटी खूप लांबून कोणीतरी भांडी घासत होतं. तिला मी लिहिलं की नाही, ऐकला नव्हता, आता ऐकला, आणि काय ऐकलं तेही लिहिलं. तिला हे कळवायला मला जेमतेम एक मिनिट लागलं. मग मी बाहेर पडलो.

येरवड्याला पोचलो तेव्हा दुकानात दुपारची सामसूम होती. रियाझ निळ्या शर्टांच्या घड्या मापाप्रमाणे लावत होता. मला बघून त्याने स्टूल पुढे सरकवलं. मी लांबून सुरुवात केली. म्हणालो, तू संगीत सोडलंस त्याला मी जबाबदार आहे असं मला नेहमी वाटत आलं आहे. त्याने घडी मोडू न देता शर्ट खाली ठेवला.

"तुझ्यामुळे नाही सोडलं. लग्न झालं, दुकान होतं. इतका मोठा नको समजूस स्वतःला."

"तसं नाही. माझं म्हणणं, त्या वेळी मी जरा जास्त समजूतदारपणे..."

"मिलिंद," तो म्हणाला. "आधी काय ऐकलंस ते सांगायचं. मत नंतर. तुझाच नियम आहे ना?"

त्याच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. दमलेला होता तोही. मला वाटतं त्याला बराचसा अंदाज होता, कदाचित बसमधल्या त्या बोलण्यापासूनच, आणि इतकी वर्षं तो फक्त माझ्या तोंडून येण्याची वाट बघत होता. मी स्टुलावरून उठलो. बसून सांगता येण्यासारखं ते नव्हतं.

"काहीच नाही ऐकलं मी," मी म्हणालो. "गिरणी चालू होती. पडद्यावर बघितलं आणि रिकामं आहे म्हणालो. ट्रॅक चांगला होता, माझ्यापेक्षा चांगला, ते मला खुपलं. डिस्क खराब झाली नव्हती, रियाझ. लाईटने काही गेलं नाही. मास्टर नाव वाचून मला वाटलं जुनी प्रत असेल, आणि मी न उघडता पुसलं. तुझ्या घरी बसून, तुमचं अन्न तोंडात असताना, आहे म्हणून मान हलवली. अब्बा काय बोलले ते आता कुणालाच सांगता येणार नाही, आणि ते माझ्यामुळे. मला माफ कर."